निकालाच्या दालनात चित्रं

रसिक : आपल्याकडून सिंगापूरला जाणारी माणसं सेंटोसा पाहतात, मुस्तफामध्ये खरेदी करतात, मरीना बेवर फोटो काढतात आणि परततात. माझं मागणं एवढंच आहे, की त्यातली एक सकाळ त्यांनी पाडांगसमोरच्या नॅशनल गॅलरीला द्यावी. पाडांग म्हणजे शहराच्या मध्यावरचं मोठं हिरवं मैदान. त्याच्या एका बाजूला दोन भव्य इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत. पहिली नगरपालिकेची. तिचं बांधकाम १९२६ ते १९२९ या काळात झालं, आणि १९५१ साली सिंगापूरला शहराचा दर्जा मिळाल्यावर तिला सिटी हॉल म्हणू लागले. दुसरी सर्वोच्च न्यायालयाची. तिचा पाया १९३७ च्या एप्रिलमध्ये घातला गेला आणि ती ऑगस्ट १९३९ मध्ये उघडली, म्हणजे युरोपात महायुद्ध पेटायच्या जेमतेम महिनाभर आधी. पुढं न्यायालय नव्या वास्तूत गेलं. सरकारनं २००५ साली या दोन्ही इमारती कलेसाठी द्यायचं जाहीर केलं आणि २४ नोव्हेंबर २०१५ रोजी त्यांचं एकच संग्रहालय झालं. आग्नेय आशियातल्या आधुनिक चित्रकलेचा एवढा मोठा सार्वजनिक संग्रह दुसरीकडं कुठं नाही. जिथं अर्ज घेऊन रांगेत उभं राहावं लागायचं, जिथं आरोपी म्हणून नेलं जायचं, तिथं आज शाळेतली पोरं जमिनीवर बसून चित्रं काढतात. सरकारी इमारतीचं याहून चांगलं दुसरं काय होऊ शकतं, ते मला सांगा.

चिकित्सक : सांगतो. पण आधी त्या इमारती तिथंच का उभ्या राहिल्या ते पाहू. पाडांगच्या एका टोकाला सिंगापूर क्रिकेट क्लब आहे. तो युरोपियनांचा होता. दुसऱ्या टोकाला सिंगापूर रिक्रिएशन क्लब, तो युरेशियनांचा. मधल्या हिरवळीवर दोघं एकमेकांशी सामने खेळत. चिनी, मलाय, तमिळ माणसं कडेला उभी राहून बघत. त्या मैदानाकडं तोंड करून नगरपालिकेनं कोरिंथियन खांबांची रांग उभारली. खांब उंच, पायऱ्या रुंद, आणि पायऱ्या चढून येणारा माणूस आपोआप लहान दिसावा अशी सगळी मांडणी. दहा वर्षांनी शेजारी न्यायालय आलं. ते ग्रँड होटेल द ल्यूरोप नावाचं हॉटेल पाडून त्या जागेवर बांधलं. त्याच्या दर्शनी भागावरच्या त्रिकोणात इटालियन शिल्पकार नोल्लीनं न्यायदेवता घडवली. ज्या लोकांनी आपले कायदे कधी स्वतः केले नाहीत त्यांच्या डोक्यावर ही देवता बसवली होती. माझी शंका इथून सुरू होते. ज्या वास्तूची प्रत्येक रेषा दरारा बसवण्यासाठी आखली आहे, तिच्यात चित्रं लावली की दरारा जातो का? मला वाटतं तो नुसता देखणा होतो. लोक खांबांकडं बघून ‘काय सुंदर’ म्हणतात. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी तेच खांब बघून त्यांच्या पणजोबांनी मान खाली घातली होती, हे मात्र कुणाच्या मनात येत नाही.

रसिक : वास्तूचा अर्थ बांधणाऱ्यानं ठरवला तोच कायमचा राहतो, असं तुम्ही धरून चाललात. या दोन इमारतींचा इतिहास नेमकं उलटं सांगतो, आणि त्यातला एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. ५ जुलै १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस याच नगरपालिकेसमोर उभे राहिले. समोर पाडांगवर आझाद हिंद सेनेचे हजारो सैनिक होते. ‘चलो दिल्ली’ची घोषणा तिथं झाली. त्या सेनेच्या वरच्या अधिकाऱ्यांत आपल्या सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले होते. पुढं १९५२ साली ते लोकसभेवर निवडून गेले. ज्या पायऱ्या गोऱ्या साहेबाच्या दबदब्यासाठी बांधल्या, त्याच पायऱ्यांसमोर त्याचं राज्य उलथवायची शपथ घेतली गेली. आणखी पुढं चला. १२ सप्टेंबर १९४५ रोजी याच इमारतीच्या सभागृहात जपानी सेनापती इतागाकीनं माउंटबॅटनसमोर शरणागतीच्या कागदांवर सह्या केल्या. ५ जून १९५९ रोजी ली क्वान यू आणि त्यांच्या मंत्रिमंडळाचा शपथविधी याच वास्तूत झाला. १९६३ च्या सप्टेंबरमध्ये मलेशियात सामील झाल्याची घोषणा इथूनच झाली. १९६६ साली स्वातंत्र्यदिनाचं पहिलं संचलन याच पायऱ्यांसमोर निघालं. चाळीस वर्षांच्या आत इतक्या वेगवेगळ्या लोकांनी या खांबांना आपलं म्हटलं असेल, तर ते खांब अजूनही १९२९ च्या साहेबाचेच, असं म्हणणं अन्यायाचं आहे.

चिकित्सक : तुमचीच गोष्ट पुढं नेतो. आझाद हिंद सेनेच्या शहिदांसाठी त्याच मैदानाजवळ, समुद्राकाठी, एक स्मारक उभारलं होतं. जुलै १९४५ मध्ये नेताजींनी त्याची पायाभरणी केली. सप्टेंबरमध्ये ब्रिटिश परत आले आणि त्यांनी ते पाडून टाकलं. आज तिथं एक फलक आहे. म्हणजे त्याच मैदानाच्या काठावर एका वास्तूला उभं राहायला मिळालं आणि दुसरीला जेमतेम काही आठवडे मिळाले. कुठलं स्मारक ठेवायचं आणि कुठलं पाडायचं, हे ज्याच्या हातात सत्ता असते तोच ठरवतो. तुम्ही जी यादी सांगितलीत, शरणागती, शपथविधी, मलेशिया, संचलन, तिच्याकडं एकदा नीट पाहा. एका स्वतंत्र राष्ट्राच्या जन्मकथेतले हे एकेक टप्पे आहेत. संग्रहालय उघडलं तेही २०१५ साली, म्हणजे स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्याच वर्षी. मी याला लबाडी म्हणत नाही. राष्ट्रानं आपला वाढदिवस साजरा करावा. पण त्या समारंभात जे टप्पे बसत नाहीत ते कुठं गेले, हे विचारायला हवं.

एक सांगतो. जावामध्ये एका डच कुटुंबात जन्मलेली एक मुलगी होती, मारिया हर्टोग. युद्धाच्या धामधुमीत ती अमिना नावाच्या मलाय बाईकडं वाढली. मुस्लिम म्हणून वाढली. मलाय हीच तिची भाषा झाली. युद्ध संपल्यावर जन्मदात्यांनी ती परत मागितली. १९५० साली हा खटला सिंगापूरच्या न्यायालयात चालला. मधल्या काळात तेराव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं. डिसेंबरमध्ये न्यायालयानं ते लग्न रद्द ठरवलं आणि मुलीला आईबापांच्या ताब्यात दिलं. निकालानंतर तिला ख्रिस्ती जोगिणींच्या मठात ठेवलं गेलं, आणि तिथले तिचे फोटो वर्तमानपत्रांत छापून आले. ११ डिसेंबरला पुढच्या सुनावणीच्या दिवशी याच इमारतीसमोर जमाव जमला. दंगल उसळली, ती १३ तारखेपर्यंत चालली. त्यात १८ माणसं मेली. ज्या आईनं तिला वाढवलं तिचं मायेचं नातं कायद्यात कुठं बसतच नव्हतं, आणि ते बसत नाही हे त्या इमारतीत सांगितलं गेलं. आता तुम्ही त्या दालनांतून फिरता तेव्हा अमिना तुम्हाला कुठं भेटते?

रसिक : चित्रात भेटत नाही, हे मान्य. तिची आठवण ठेवणारी पिढी त्या शहरात अजून आहे आणि पुस्तकंही आहेत, पण तुमचा प्रश्न संग्रहालयाबद्दल आहे, म्हणून संग्रहालयाबद्दलच बोलतो. न्यायालयाच्या तळमजल्यावर आरोपींच्या दोन कोठड्या जशाच्या तशा ठेवल्या आहेत. तुम्ही आत जाऊन उभे राहिलात तर कळेल. दोन्हीकडून हात लागतील एवढी अरुंद खोली. कोपऱ्यात बसायचा संडास. दारापाशी गज. तिथून आरोपीला वेगळ्या वाटेनं वर नेत, म्हणजे साक्षीदाराला किंवा नातेवाइकाला तो वाटेत दिसू नये. वर गेल्यावर तो एकदम लाकडी पिंजऱ्यात उभा राही, आणि समोर उंचावर न्यायाधीश. आज तुम्ही त्या न्यायदालनात प्रेक्षक म्हणून शिरता. न्यायाधीशाचं आसन आहे, आरोपीचा पिंजरा आहे, भिंतीवरचं जुनं लाकूडकाम आहे. ज्यांना तो सगळा प्रकार लपवायचा असता, त्यांनी कोठड्या पाडून तिथं उपाहारगृह काढलं असतं. जागेला तिथं सोन्याचं मोल आहे. त्यांनी कोठड्या ठेवल्या.

आणि चित्रांबद्दल म्हणाल तर छुआ मिया टी यांचं ‘नॅशनल लँग्वेज क्लास’ नावाचं चित्र सिटी हॉलच्या बाजूला लागतं. १९५९ सालचं. एका गोल टेबलाभोवती तरुण मुलंमुली बसली आहेत, बहुतेक चिनी. त्यांचा मलाय शिक्षक उभा आहे. फळ्यावर मलाय भाषेत दोन प्रश्न लिहिले आहेत : तुझं नाव काय, तू कुठं राहतोस. चित्रात एवढंच आहे. पण ज्यांची घरची भाषा वेगळी, शाळेची वेगळी, सरकारची वेगळी, ती मुलं अजून न जन्मलेल्या देशाची भाषा शिकायला बसली आहेत. त्यांच्या चेहऱ्यांवर वर्ग उरकायची घाई नाही. एक प्रकारची उत्सुकता आहे, आणि ती मला दर वेळी हलवून जाते. ज्या वर्षी त्या इमारतीत पहिल्या पूर्णपणे निवडून आलेल्या मंत्रिमंडळानं शपथ घेतली, त्याच वर्षी हे चित्र रंगवलं गेलं, आणि आज ते त्याच छपराखाली आहे. चित्र आणि वास्तू यांचं इतकं सरळ नातं मी फार कमी ठिकाणी पाहिलं आहे. गॅलरीनं आपल्या पहिल्याच मोठ्या प्रदर्शनाचं नावही फळ्यावरच्या त्या पहिल्या प्रश्नावरून घेतलं.

चिकित्सक : ते चित्र मलाही प्रिय आहे, म्हणूनच त्याच्या चित्रकारांबद्दल थोडं पुढं बोलावं लागेल. छुआ मिया टी ज्या मंडळींत होते ते वास्तववादी चित्रकार होते. डाव्या विचारांचा वारा लागलेले, कामगार, हमाल, संपकरी रंगवणारे. पन्नासच्या दशकात त्यांच्या चित्रांत जी ऊब आहे ती त्या चळवळीची ऊब आहे. पुढं त्या चळवळीचं सिंगापुरात काय झालं ते इतिहास जाणणाऱ्याला सांगायला नको. चित्र राहिलं, वर्ग राहिला, पण त्यांच्या बरोबरीची राजकीय माणसं तुरुंगात गेली किंवा गप्प झाली. संग्रहालयानं चित्राला मानाची जागा दिली, हे चांगलंच आहे. पण ज्या दालनात ते लागतं तिथं ते राष्ट्रउभारणीचं चित्र म्हणून उभं राहतं. चित्रकारांच्या मनात राष्ट्राबरोबर आणखीही काहीतरी होतं, ते तिथं मागं पडतं.

आणि आणखी जवळचा दाखला आहे. १ जानेवारी १९९४ च्या पहाटे जोसेफ एंग नावाच्या तरुण कलाकारानं एक प्रयोग सादर केला. समलैंगिक म्हणून पकडलेल्या बारा पुरुषांच्या बाजूनं तो निषेध होता. प्रेक्षकांकडं पाठ करून त्यानं अंगावरचे केस कापले. एका वर्तमानपत्रानं त्याची सनसनाटी बातमी केली. त्याला अश्लीलतेबद्दल दंड झाला, आणि सरकारी कला मंडळानं त्यानंतर सुमारे दहा वर्षं या प्रकारच्या सादरीकरणाला अनुदान दिलं नाही. हे सगळं घडलं तेव्हा हे न्यायालय न्यायालयच होतं. संग्रहालयाची घोषणा झाली ती ही बंदी उठल्यानंतर, आणि फार काळ लोटला नव्हता. म्हणजे ज्या राज्यानं काल सांगितलं की अमुक एक कला नव्हे, तेच राज्य आज सांगतं की कला काय ते आमच्या इमारतीत येऊन पाहा. इमारतीचा उपयोग बदलला असेल, पण ठरवणारा तोच राहिला. माझी अडचण खांबांशी नाही. ही आहे.

रसिक : ही अडचण खरी आहे आणि मी ती झटकणार नाही. पण तिला इतिहासाचं माप लावू या. सरकारी कचेरीचं कलासंग्रहालय होणं ही काही सिंगापूरनं शोधलेली गोष्ट नाही. फ्लॉरेन्सचं उफ्फिझी पाहा. १५६० साली तिथला शासक कोसिमो पहिला यानं वास्तुकार वसारीकडून ती इमारत बांधायला घेतली, ती शहराच्या न्यायखात्यांना आणि अधिकाऱ्यांना एका जागी, आपल्या डोळ्यांसमोर बसवण्यासाठी. त्यासाठी नदीकाठची जुनी वस्ती पाडली. मुलानं, फ्रान्चेस्कोनं, १५८१ साली वरच्या मजल्यावर घराण्याचा संग्रह ठेवायला सुरुवात केली. खाली कारकून, वर रोमन पुतळे. १७३७ साली घराण्यातली शेवटची वारस आन्ना मारिया लुईसा हिनं करार करून तो संग्रह शहराबाहेर जाऊ नये अशी व्यवस्था केली, आणि १७६९ साली दारं लोकांना उघडली. कोसिमोच्या मनात लोक नव्हतेच. तरीही शेवटी ती जागा लोकांची झाली. ज्यानं इमारत बांधली त्याच्या हेतूपेक्षा, ज्यांनी ती वापरली त्यांची पावलं मला जास्त खरी वाटतात. तुमच्या जोसेफ एंगची आठवणही अशीच कधीतरी त्या दालनात येईल.

चिकित्सक : फ्लॉरेन्सला दोनशे वर्षं लागली. सिंगापूरला घोषणेपासून दार उघडेपर्यंत दहा वर्षं. हा फरक मला छोटा वाटत नाही. संथपणे बदललेल्या जागेत लोक आपल्या खुणा सोडत जातात. वेगानं बदललेल्या जागेत खुणा सोडायला वेळच मिळत नाही, सगळं एकदाच ठरवलं जातं. ५३ कोटी २० लाख सिंगापूर डॉलर खर्च झाला. जागतिक स्पर्धा घेऊन वास्तुविशारद निवडले. कामात कुठं उणीव नाही, सगळं नेटकं झालं आहे. त्या नेटकेपणाचीच मला भीती वाटते. जुन्या इमारतीत ओरखडे, कोरलेली नावं, शाईचे डाग असतात. त्यांच्यातून सामान्य माणूस बोलतो. डागडुजीत पहिला बळी त्यांचा जातो. पायाच्या दगडाचंही बघा. न्यायालयाच्या पायाच्या दगडाखाली ३१ मार्च १९३७ ची सहा वर्तमानपत्रं आणि काही नाणी पुरून ठेवली आहेत, आणि ती इसवी सन ३००० पर्यंत काढायची नाहीत असं ठरलं आहे. त्या काळच्या राज्यकर्त्यांना आपल्या काळाचा पुरावा हजार वर्षं टिकावा असं वाटलं. कोठडीत बसलेल्या माणसाला आपला पुरावा ठेवायला अशी जागा कुणी दिली नाही.

रसिक : नेटकेपणाबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे, कारण तिथं तुम्ही कारागिरांवर अन्याय करता. वास्तुविशारद जाँ फ्रांस्वा मिलू यांच्या स्टुडिओनं केलेलं काम मी बारकाईनं पाहिलं आहे. दोन इमारतींमध्ये एक बोळ होता. दोघींच्या पाठी एकमेकींना न जुळणाऱ्या. नवीन बांधणाऱ्याला त्या दोघींना एकाच दर्शनी भिंतीत गुंडाळून टाकण्याचा मोह सहज झाला असता. त्यांनी तसं केलं नाही. वर काचेचं आणि छिद्रांच्या धातूच्या पत्र्यांचं एक सोनेरी छत पसरलं, ते झाडासारख्या फांदलेल्या खांबांवर टेकवलं, आणि त्या छताखाली दोन्ही जुन्या भिंती उघड्या ठेवल्या. दुपारी त्या छतातून उन्हाचे कवडसे भिंतींवर पडतात. वरच्या मजल्यांवर दोन पूल आहेत. पुलावर उभं राहिलं की एका हाताला पालिका आणि दुसऱ्या हाताला न्यायालय, आणि दोघींची बांधणी वेगळी आहे हे लख्ख कळतं. न्यायालयाच्या कायदेग्रंथालयावर एक लहान घुमट होता. बाहेरून मोठाच घुमट दिसायचा, हा लहानगा आत दडलेला. आता नव्या छताखाली तो समोर आला आहे, त्याच्याशेजारी उभं राहता येतं. खाली जमीन खोदून दोन्ही इमारतींना जोडणारं तळघर केलं, आणि वर दोन जुन्या इमारतींचं ओझं असताना ते करणं किती जोखमीचं असतं ते कुठल्याही इंजिनिअरला विचारा. या माणसांनी जुन्याला नव्यात मिसळून टाकलं नाही. शिवण दिसू दिली. ज्याला जुनं लपवायचं असतं तो शिवण दिसू देत नाही.

चिकित्सक : हे मी मान्य करतो, मनापासून. दगड, लाकूड आणि छत यांच्या बाबतीत शिवण दिसते. माझा हट्ट इतकाच, की कथेतली शिवणही दिसावी. तुम्हाला एक चित्र आठवत असेल. राडेन सालेह यांचं ‘वणवा’. न्यायालयाच्या बाजूला, आग्नेय आशियाच्या दालनांत लागतं.

रसिक : जवळजवळ तीन मीटर उंच आणि चार मीटर रुंद. १८४९ सालचं. आगीच्या पुढं पळत आलेली जनावरं कड्याच्या टोकाशी येऊन थांबली आहेत. वाघ आणि त्याचं सावज, दोघं एकाच कड्यावर, दोघांचेही डोळे खाली. आगीची उष्णता पाठीला जाणवावी असं ते रंगवलं आहे.

चिकित्सक : तेच. जावाचा हा माणूस युरोपात वीसेक वर्षं राहिला, तिथली चित्रकला आत्मसात केली, आणि हे चित्र डच राजा तिसरा विल्यम याला भेट दिलं. म्हणजे आपल्या जंगलातल्या वणव्याचं चित्र आपल्यावर राज्य करणाऱ्याच्या महालात गेलं. दीडशेहून जास्त वर्षांनी ते जावाच्या जवळ परत आलं, पण जावात नाही, सिंगापुरात, आणि तेही ब्रिटिशांनी बांधलेल्या न्यायालयात. मी त्या चित्रासमोर उभा राहिलो तर मला हा सगळा प्रवास दिसायला हवा. नुसतं चित्र सुंदर आहे म्हणून मी घरी जाणार नाही. आणि हा प्रवास सांगायचा असेल तर इमारतीनंही आपला प्रवास सांगितला पाहिजे. इथं कोणते खटले चालले. १९४६ साली केंपेइताई या जपानी लष्करी पोलिसदलातल्या छळवाद्यांना इथं शिक्षा झाली, हे सांगणं सोपं आहे, कारण त्यात आपण न्यायाच्या बाजूला असतो. १९५० साली अमिनाला इथं काय सांगितलं गेलं, हे अवघड. दोन्ही सांगितली तर ते न्यायालय खरं संग्रहालय होईल. एकच सांगितलं तर ते पुन्हा एकदा निकालच देत बसेल.

रसिक : इथं मी तुमच्याशी सहमत होतो, पण तुमच्या एका गृहीतकाला विरोध ठेवून. तुम्ही संग्रहालयाकडून सगळं सत्य मागता. एखाद्या शहराची सगळी आठवण एका वास्तूत मावत नाही. शेजारीच सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आहे. ते हिंदुस्थानातून पाठवलेल्या कैद्यांच्या हातांनी बांधलं गेलं, आणि त्या भिंतींवर मद्रासी चुन्याचा गिलावा आहे. ते कैदी नॅशनल गॅलरीत दिसत नाहीत म्हणून गॅलरी खोटी ठरते का? मला वाटतं संग्रहालयाचं पहिलं काम चित्रं नीट ठेवणं आणि नीट दाखवणं हे आहे. कलाकार एका तऱ्हेनं साक्ष देतो, वकील दुसऱ्या. १९५२ साली चार चिनी चित्रकार सिंगापुराहून बालीला गेले, तिथल्या बायका, बाजार, मंदिरं रंगवली, आणि त्यातून तिकडची एक शैलीच घडली. ल्यू कांग, चेन वेन सी, चेओंग सू पिएंग, चेन चोंग स्वी. या चौघांना न्याय द्यायचा तर भिंतीवर त्यांचेच रंग हवेत. प्रत्येक दालनात इतिहासाचं ओझं टाकलं तर चित्रं बघायला डोळे उरणार नाहीत. इमारतीच्या इतिहासाला स्वतंत्र जागा द्या, कोठड्यांजवळ द्या, न्यायदालनात द्या. पण चित्रांना चित्रं राहू द्या.

चिकित्सक : मग आपण दोघं एका नेमक्या प्रश्नापर्यंत आलो. सरकारी इमारतीचं संग्रहालय व्हावं की नाही, हा वाद मी सोडतो. ती रिकामी ठेवून तिच्यात पाखरांची घरटी होण्यापेक्षा किंवा हॉटेलवाल्यांच्या हातात जाण्यापेक्षा चित्रं बरी. प्रश्न असा, की इमारतीतल्या जुन्या अधिकाराचा हिशेब कोण मांडणार आणि कुठं. तुम्ही म्हणता, वेगळ्या दालनात. मी म्हणतो, वेगळं दालन म्हणजे वाचून झालं की मागं पडणारी गोष्ट. तो हिशेब चित्रांच्या वाटेत यायला हवा, म्हणजे बघणाऱ्याला ओलांडून जाता येणार नाही. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतं.

रसिक : होणार नाही, आणि ते ठीक आहे. मला वाटेत अडखळणारा प्रेक्षक नको, थांबून पाहणारा हवा. तुम्हाला उलटं वाटतं.

चिकित्सक : पण ही चर्चा सिंगापूरपुरती ठेवायला मी तयार नाही. आपल्याकडंही अशीच एक वास्तू आहे. पणजीचा आदिलशाही वाडा. आधी आदिलशहाचा, मग पोर्तुगीज व्हाइसरॉयांचा, गोवा मुक्त झाल्यावर सचिवालय, आणि विधानसभा पर्वरीला जाईपर्यंत, म्हणजे २००० सालापर्यंत, गोव्याची विधानसभाही तिथंच भरायची. २०१६ पासून सेरेंडिपिटी महोत्सवात तिथल्या दालनांत चित्रं लागली, कला उभी राहिली, हजारो माणसं त्या जिन्यांवरून गेली. मराठी आणि कोकणीचा सगळा झगडा त्या भिंतींनी ऐकला आहे. १९८७ सालचा राजभाषा कायदा झाला तेव्हा विधानसभा तिथंच भरत होती. घराघरांत, नात्यानात्यांत त्या वादाची धग होती.

रसिक : आणि त्या वाड्यात कलेला कायमची जागा मिळावी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

चिकित्सक : मलाही. पण ते झालं तर त्या सभागृहात पहिल्या दिवसापासून मराठीतली आणि कोकणीतली, दोन्ही बाजूंची भाषणं ऐकायला मिळाली पाहिजेत. ज्यांनी ती भाषणं प्रेक्षक सज्जातून ऐकली ती माणसं आज म्हातारी झाली आहेत. गोव्यातल्या ज्यांच्या घरी असं कुणी आहे, त्यांनी त्यांच्याजवळ बसून ते लिहून घ्यावं, आणि हे काम याच वर्षी सुरू करावं.